लिली, मेणबत्त्या आणि कात्री : निर्वानाची न्यूयॉर्कमधील मैफल कोणी जपली?

कर्ट कोबेनने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्याच अंत्यविधीची मैफल सादर केली, हे विधान रॉक संगीतावरील लेखनात इतक्या वेळा आले आहे की त्याला पुरावा मागण्याची तसदी आता कोणी घेत नाही. या धाग्याचा रोख त्या विधानावर आहे. आणि त्याहून अधिक, ज्या कात्रीने ते विधान घडविले त्या कात्रीवर आहे.

आधी घटना. एमटीव्ही या वाहिनीने १९८९ मध्ये 'अनप्लग्ड' हा कार्यक्रम सुरू केला. मोठ्या आवाजाच्या बँडने विजेची वाद्ये बाजूला ठेवून मोजक्या श्रोत्यांसमोर बसून गावे, अशी त्याची कल्पना. निर्वाना हा सिअ‍ॅटलकडचा बँड त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होता. सोनी म्युझिक स्टुडिओत कर्ट कोबेन, क्रिस्ट नोवोसेलिक आणि डेव्ह ग्रोल यांच्यासोबत गिटारवर पॅट स्मिअर व चेलोवर लोरी गोल्डस्टन बसले. एका बैठकीत चौदा गाणी झाली आणि एकही गाणे पुन्हा चित्रित करावे लागले नाही. चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती : डेव्हिड बोवीचे एक, व्हॅसलिन्स या स्कॉटिश बँडचे एक, मीट पपेट्सची तीन (त्यासाठी कर्ट आणि क्रिस कर्कवुड हे त्या बँडचे दोघे भाऊ मंचावर आले) आणि शेवटी लेड बेलीच्या गायकीतून आलेले एक जुने लोकगीत. ज्या गाण्याने निर्वाना जगभर पोहोचला ते 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' त्या रात्री झालेच नाही. वाहिनीला हवी होती प्रसिद्ध गाणी आणि प्रसिद्ध पाहुणे. मिळाले अ‍ॅरिझोनातले दोन अल्पपरिचित भाऊ.

आता कात्री. डिसेंबर १९९३ मध्ये कार्यक्रम प्रसारित झाला तेव्हा चौदांपैकी दोन गाणी, 'समथिंग इन द वे' आणि 'ओ, मी', त्यात नव्हती. ५ एप्रिल १९९४ रोजी सत्ताविसाव्या वर्षी कोबेनने आत्महत्या केली आणि वाहिनीने हीच कापलेली आवृत्ती पुनःपुन्हा दाखविली. शोकाकुल पिढीने ती पाहिली ती बातमी ऐकल्यानंतर. १ नोव्हेंबर १९९४ रोजी ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात चौदाही गाणी होती. परंतु गाण्यांमधील बोलणे, थट्टा, वाद्ये लावण्याची खटपट यांपैकी बरेच छाटलेले होते. अखंड चित्रफीत अधिकृतपणे बाजारात आली ती नोव्हेंबर २००७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी.

या चौदा वर्षांत त्या रात्रीची जी स्मृती तयार झाली, ती दोन संपादित पाठांवर उभी होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. आश्रयदात्याच्या सोयीने लिहिलेली बखर आणि प्रसंगाच्या दिवशी लिहिलेले पत्र यांत फरक असतो, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. मात्र हाच वाचक ध्वनिमुद्रिकेपुढे हा विवेक विसरतो. कंपनीने काढलेली तबकडी म्हणजे मूळ साधन, आणि चाहत्याच्या कपाटातील कॅसेट म्हणजे चोरीचा माल, असे तो गृहीत धरतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. तबकडी ही बखर आहे. उत्तम बांधणीची, कानाला गोड, पण बखरच.

अंत्यविधीच्या कथेचा पाया काय? मंचावर पांढऱ्या लिलीची फुले होती, काळ्या मेणबत्त्या होत्या, वर झुंबर होते. ही सजावट कोबेननेच मागितली होती. निर्माता ॲलेक्स कोलेटी याने पुढे सांगितले की, 'अंत्ययात्रेसारखे हवे आहे का?' अशा आशयाचा प्रश्न त्याने विचारला आणि कोबेनने होकार दिला. ही आठवण खोटी मानण्याचे कारण नाही. पण ती जगापुढे आली मृत्यूनंतर, आणि सर्व आठवणींना नंतरच्या घटनेचा रंग चढतो हे साधननिष्ठ इतिहासाचे पहिले सूत्र आहे. लिलीची फुले तर सप्टेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'इन यूटेरो' या अल्बमच्या मागील आवरणावरही होती, आणि तेथे ती गर्भाच्या प्रतिकृतींच्या शेजारी होती. एकाच फुलाचा अर्थ दोन महिन्यांत जन्मावरून मृत्यूवर गेला असे म्हणायचे, तर पुरावा हवा. तो कोणी दिलेला नाही.

अखंड चित्रण ऐकले की वेगळाच माणूस भेटतो. हा माणूस गाण्याआधीच बजावतो की आता आपण हे बिघडवणार आहोत. पुढचे गाणे कोणते, ते एकट्याने गायचे की सर्वांनी, यावर मंचावरच वाटाघाटी चालतात. 'पेनीरॉयल टी' हे गाणे तो शेवटी एकटा गातो. आणि नीट जमले नाही तर श्रोत्यांनी थांबावे, अशा स्वराचे काहीतरी आधी बोलून घेतो. नोवोसेलिक गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवतो. मध्येच कोणीतरी दक्षिणी रॉकच्या एका लोकप्रिय गाण्याच्या दोन-चार ओळी गमतीने छेडतो. श्रोते फर्माईशी करतात, त्या टाळल्या जातात. नवख्या मैफलीत गायकाला जी धास्ती असते ती येथे जागोजाग दिसते. बेसूर होण्याची भीती, हसे होण्याची भीती. मृत्यूची तालीम करणारा माणूस 'आपली फजिती होईल' म्हणून इतका घाबरत नाही.

याचा अर्थ ती रात्र आनंदसोहळा होती असेही नव्हे. त्या दिवसांत कोबेन अमली पदार्थ सोडण्याच्या त्रासाने ग्रासलेला होता, असे सहकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज ज्या जागी फाटतो तेथे कोणाच्याही अंगावर काटा येईल, आणि त्यानंतर आणखी एक गाणे गाण्याची विनंती त्याने मानली नाही. पण भय, थट्टा, आजार आणि असामान्य गायन हे सगळे एकाच तासाभरात होते. कात्रीने त्यातली थट्टा काढली, शोकाने उरलेल्याला अर्थ दिला, आणि एका अस्वस्थ, विनोदी, हट्टी तरुणाच्या जागी संतचरित्रातला हुतात्मा उभा राहिला. त्या तरुणावर झालेला हा अन्याय लहान नाही. एखाद्याची आत्महत्या आधीपासून अटळ होती असे सांगणारी कथा ऐकायला भव्य असते. परंतु ती मदतीची, उपचारांची, वेगळ्या शेवटाची प्रत्येक शक्यता मागे जाऊन पुसून टाकते.

'अकूस्टिक' या शब्दाचीही थोडी झडती घेणे योग्य. कोबेनची गिटार १९५९ सालची मार्टिन डी-१८ई, म्हणजे कारखान्यातूनच विजेची सोय घेऊन आलेली. ती त्याने पेडल आणि अ‍ॅम्प्लिफायरमधूनच वाजविली. कार्यक्रमाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायर एका खोक्याआड लपविण्यात आला, हे कोलेटीनेच सांगून टाकले आहे. बोवीचे गाणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला ते सांगावेही लागत नाही. तीच गिटार जून २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. त्या रात्री शेवटच्या गाण्याआधी कोबेनने जो किस्सा सांगितला तो या किमतीशेजारी ठेवून ऐकावा : लेड बेलीची गिटार पाच लाख डॉलरला विकायला काढली आहे, आणि ती घेऊन देण्याबद्दल आपण कंपनीच्या मालकालाच विचारले. श्रोते हसले.

तर मग कंपनीची आवृत्ती अपुरी होती त्या काळात बाकीचे कोणी सांभाळले? ज्यांनी प्रसारणाच्या रात्री घरच्या व्हीसीआरमध्ये कोरी फीत घातली त्यांनी. आणि स्टुडिओबाहेर पडलेल्या प्रती ज्यांनी हातोहात फिरविल्या त्यांनी. कॅसेट देवघेव करणाऱ्यांच्या या जगाचे नियम कडक होते. विकायचे नाही. बदल्यात दुसरी फीत द्यायची. देण्यासारखे काही नसेल तर कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. आपली प्रत मुळापासून कितव्या पिढीची आहे हे प्रामाणिकपणे सांगायचे, कारण प्रत्येक नकलेत सरसर वाढते आणि वरचे स्वर झिजतात. पुढे संगणक आल्यावर हीच शिस्त अधिक काटेकोर झाली. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत एक मजकूर-पत्रक : मूळ फीत कोणती, कोणत्या यंत्रावर वाजविली, संगणकात कशी उतरविली, मध्ये काय बदल केले. फाइल फ्लॅकसारख्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात. सोबत तिची अंकमुद्रा, म्हणजे एक बिट बदलला तरी पकडला जावा. एमपी३ करून पुन्हा फ्लॅक करणाऱ्याला या जगात फार मान नाही.

कानाची परीक्षाही आहे. त्या रात्री वाद्ये नेहमीच्या पट्टीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवून लावली होती. एखाद्या प्रतीत स्वर त्याहून चढा किंवा उतरा लागला, तर वाटेत कोठेतरी फीत चुकीच्या वेगाने फिरली आहे हे कळते, आणि किती चुकीच्या तेही मोजता येते. शाई आणि कागद पाहून पत्राचा काळ ठरविणाऱ्या संशोधकाचे काम याहून वेगळे नसते.

वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवून घेतले, वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडातून कागद काढले, तेव्हा ते कागद कोणा सरकारी अभिलेखागाराने त्यांच्या हाती ठेवलेले नव्हते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला, त्यामागे खाजगी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर ठेवलेली बाडे होती. अधिकृत दप्तर आणि घरगुती बाड यांतील भेद राजवाड्यांच्या वाचकाला ठाऊक असतो, आणि दुसऱ्याला तो कमी लेखत नाही.

येथे नेहमीचा आक्षेप येतो : हे सारे बेकायदा आहे. काही अंशी आहेच. परवानगीशिवाय मैफलीचे मुद्रण करून विकणे अमेरिकेत डिसेंबर १९९४ च्या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध झाले, आणि कलावंताच्या घामावर छापील आवरणाची तबकडी विकून पैसा करणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. मात्र विकणारा आणि जपणारा यांना एकाच दोरीने बांधणे हा आळस आहे. गंमत अशी की, चोरट्या प्रतींना आळा घालणे हा स्वतः १९९४ ची ध्वनिमुद्रिका काढण्यामागचा एक हेतू होता. आधी तर विजेच्या वाद्यांवरील मैफली आणि ही मैफल मिळून 'व्हर्स कोरस व्हर्स' नावाचा दुहेरी संच ठरला होता. मित्राच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच ते काम करणे नोवोसेलिक आणि ग्रोल यांना सोसवेना, म्हणून तो रद्द झाला आणि न्यूयॉर्कची मैफल तेवढी निघाली. श्रोत्यांची मागणी आणि फिरणाऱ्या प्रती यांनी कंपनीला हलविले.

शिवाय मालकी म्हणजे सांभाळ नव्हे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिच्यात संगीताच्या मूळ फितींचे किती नुकसान झाले हे जगाला कळले ते २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधवृत्तामुळे. अकरा वर्षे झाकलेले. कंपनीने नुकसानीचा आकडा फुगविला असल्याचे म्हटले, खटला उभा राहिला, आणि ज्यांच्या सामग्रीला झळ लागली अशा कलावंतांत निर्वानाचे नाव कंपनीलाच घ्यावे लागले. त्याच २०१९ मध्ये मायस्पेसने बारा वर्षांतील संगीत सर्व्हर बदलताना गमावल्याचे उघड झाले. आणि जून २०२४ मध्ये एमटीव्हीच्या वृत्तविभागाचे संकेतस्थळ मालक कंपनीने बंद केले. दोन दशकांहून अधिक काळचे संगीतविषयक वार्तांकन एका दिवसात दिसेनासे झाले. त्यातले जे पुन्हा वाचता आले ते इंटरनेट अर्काइव्हने आधीच प्रती घेऊन ठेवल्या होत्या म्हणून. ज्या वाहिनीने ती मैफल घडविली, तिच्या वारसदारांची स्वतःच्या भूतकाळाबद्दलची आस्था एवढी. या संस्थांच्या भरवशावर इतिहास ठेवावा, असे सांगणाऱ्यांनी आधी या तीन घटनांचे उत्तर द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कलावंताला जे लोकांपुढे यायला नको होते ते का ऐकावे? तालमीतील चुका, चिडचिड, अर्धवट सोडलेली कडवी. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि प्रत्येक फितीसाठी त्याचे एकच उत्तर नाही. कोणाच्या घरातील खाजगी संभाषण आणि निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेली मैफल यांत अंतर आहे. पण निर्वानाच्या बाबतीत हा आक्षेप कंपनीच्या तोंडी शोभत नाही. तालमीचे तुकडे तिने २००७ च्या डीव्हीडीत घातले आणि २०१९ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत पाच तालमींची गाणी विकली. चाहत्याने ऐकले तर मर्यादाभंग, आणि दुकानात ठेवले तर विशेष आवृत्ती!

त्या शेवटच्या गाण्याचाच इतिहास पाहावा. ते अपॅलेशियन डोंगराळ भागातील, कर्ता अज्ञात असलेले गीत. लेड बेली लुइझियानातील अंगोला तुरुंगात कैदी असताना, १९३३ मध्ये, जॉन आणि ॲलन लोमॅक्स हे पितापुत्र मुद्रणयंत्र घेऊन तेथे पोहोचले, म्हणून हा गायक जगाला कळला. कोणीतरी यंत्र घेऊन गेले नसते, तर साठ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये कोबेनला ते गाणे त्या रूपात सापडले नसते. लोमॅक्स काही निष्पाप नव्हते; लेड बेलीच्या गाण्याच्या श्रेयात आणि हक्कात जॉन लोमॅक्सचे नाव चढले, आणि कृष्णवर्णीय कैद्याच्या गळ्यावर गोऱ्या संग्राहकाचा वाटा बसला. जपणाऱ्याच्या हातूनही लूट होते. म्हणून तर न विकण्याचा तो जुना नियम महत्त्वाचा.

चाहत्यांनाही काही ऐकून घ्यावे लागेल. गेल्या काही वर्षांत या मैफलीच्या 'सुधारित' चित्रफितींचा पूर आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे घासून गुळगुळीत केलेले, चित्रांच्या मध्ये कधीच न घडलेली चित्रे रचून सेकंदाला साठ केलेली, सरसर काढताना चेलोचा श्वासही काढून टाकलेला. त्यासोबत मूळ कोठून घेतले याची एक ओळही नसते. एमटीव्हीच्या संपादकाने तुकडा कापला. हे लोक न घडलेला तुकडा घालतात. बखरकारालाही इतके धाडस झाले नसते. जुन्या पत्राचा सुंदर टंकलिखित तक्ता करून मूळ कागद टाकून देणाऱ्याला इतिहासप्रेमी म्हणत नाहीत.

चुकीच्या चिठ्ठ्यांचे प्रकरण तर जुनेच. बॉब डिलनची १९६६ ची एक मैफल, निम्मी अकूस्टिक आणि निम्मी विजेच्या गिटारवर, वर्षानुवर्षे 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावाने फिरली. ती प्रत्यक्षात १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेली. हे संग्राहकांनी प्रती ताडून पाहिल्या म्हणून सिद्ध झाले. आणि १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे काढली तेव्हा ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत तसेच ठेवले, इतके ते रुळले होते.

मराठी कानाला या वादात परके वाटण्यासारखे काही नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, आणि बालगंधर्वांच्या या गुरूच्या आवाजाचे एकही मुद्रण आज ऐकायला नाही. आहे ते केवळ शिष्यांचे आणि श्रोत्यांचे वर्णन. नंतरच्या पिढीतील कितीतरी गायक-गायिकांची खरी उंची तीन-चार मिनिटांच्या तबकड्यांत नव्हे, तर घरगुती मैफलीत कोणा रसिकाने सतरंजीच्या कडेला ठेवलेल्या स्पूल यंत्रात सापडते. मुंबईत १९९० मध्ये जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी एकत्र येऊन संस्था काढली, ती याच जाणिवेतून. त्या फितींना आज बुरशी लागते आहे, आणि वारसांना त्यांचे मोल ठाऊक नसते.

संस्थांनी चाहत्यांचे काम मान्य केल्याचे उदाहरण शोधायचे तर ग्रेटफुल डेड या बँडकडे पाहावे. १९८४ पासून या बँडने आपल्या मैफलींत मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेली त्यांची मैफल त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपली होती. पुढे गोदामाचे भाडे थकले आणि त्यांच्या फिती १९८६ मध्ये लिलावात निघाल्या. चाहत्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या, वाटल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय नोंदवहीत घेतल्याचे २०१२ मध्ये जाहीर केले. कंपनीने ते विक्रीस काढले २०१७ मध्ये.